उत्क्रांती आणि नैसर्गिक निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्क्रांतीबद्दलचे निम्मे गैरसमज भाषेतूनच येतात, असं मला वाटतं. 'उत्' म्हणजे वर. त्यामुळे हा शब्द कानावर पडताच मनात एक शिडी उभी राहते : तळाशी जिवाणू आणि सगळ्यात वरच्या पायरीवर आपण. 'क्रांती' म्हटलं की काहीतरी एकाएकी उलथून पडल्यासारखं वाटतं. 'निवड' म्हटलं की निवडणारा कोण, हा प्रश्न आलाच. शब्द आता रुळले आहेत, ते बदलण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याआड नेमकं काय घडतं, ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. म्हणून विद्यार्थी, पालक आणि वाचक ज्या प्रश्नांवर पुन्हा पुन्हा अडतात, ते इथे घेतले आहेत.

उत्क्रांती म्हणजे थोडक्यात काय?

सजीवांच्या एखाद्या समूहात आनुवंशिक गुणांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणं. यातला 'प्रमाण' हा शब्द घट्ट धरून ठेवा. एखादा हत्ती किंवा एखादं फुलपाखरू आपल्या हयातीत उत्क्रांत होत नाही. जी जनुकं घेऊन तो जीव जन्मला, बहुतांशी तीच घेऊन मरतो. बदलतो तो समूह.

इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगांचं उदाहरण पाहा. हे पतंग पांढुरके असतात. मँचेस्टर परिसरात १८४८ साली त्यांच्यातल्या एका काळ्या पतंगाची नोंद झाली. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळवंडली होती आणि पांढुरका पतंग त्यावर बसला की पक्ष्यांच्या नजरेत भरायचा. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढच्या काही दशकांत खोडांवरची काजळी गेली आणि काळे पतंगही पुन्हा दुर्मीळ झाले. या सगळ्या काळात एकाही पतंगाने आपला रंग बदललेला नव्हता. कोण किती पिल्लं मागे ठेवून गेला, एवढंच बदललं होतं.

नैसर्गिक निवड व्हायला काय काय लागतं?

समूहातल्या जीवांमध्ये फरक हवेत, ते फरक निदान काही अंशी आईबापांकडून मुलांकडे जायला हवेत आणि त्या फरकांमुळे कुणाला जास्त, कुणाला कमी संतती व्हायला हवी. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे निवड होतेच, ती टाळता येत नाही. निवडणाऱ्याची जागा या हिशेबात कुठेच नाही. चाळणी जशी दाणे 'निवडत' नाही, काही दाणे तिच्यातून पडतात आणि काही वर राहतात, तसंच हे आहे. फक्त या चाळणीची भोकं दर हंगामाला बदलू शकतात.

हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का, की सगळं जीवाश्मांवरून बांधलेले अंदाज आहेत?

पाहिलंय, आणि मोजलंयही. माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर काम पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याचं आहे. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांमधल्या डॅफ्नी मेजर नावाच्या छोट्याशा निर्मनुष्य बेटावर त्यांनी १९७३ पासून पुढची चाळीस वर्षं फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. बेट इतकं लहान, की तिथल्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी घालता यायची, त्याची चोच मोजता यायची, त्याची पिल्लं कोणती आणि नातवंडं कोणती याची वंशावळ लिहिता यायची.

१९७७ साली तिथे भीषण दुष्काळ पडला. गवताचं बारीक बी पक्ष्यांनी लवकरच संपवलं. उरली ती मुख्यतः आपल्याकडच्या सराट्याच्या कुळातली काटेरी, टणक फळं. मध्यम आकाराच्या भूफिंचांपैकी ज्यांची चोच जाड होती त्यांनाच ही फळं फोडून आतलं बी खाता येई. बाकीचे उपाशी मरू लागले. दुष्काळ संपला तेव्हा दर सात पक्ष्यांमागे साधारण एकच जिवंत होता आणि वाचलेल्यांची चोच सरासरीने मोठी होती. चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीची चोचही दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जाड निघाली. हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. जगणं आणि मरणं त्या अर्ध्या मिलिमीटरवर ठरलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर 'चोच मोठी होत जाते' असा सोपा निष्कर्ष निघाला असता. पण १९८३ मध्ये एल निनोमुळे बेटावर धो धो पाऊस पडला. वेली आणि गवत माजलं, सगळीकडे बारीक बी झालं आणि पुढच्या काही वर्षांत लहान चोचीचे पक्षी सरस ठरू लागले. निवडीची दिशा उलटली. मला ही दुसरी घटना पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. निवडीला कुठेही पोचायचं नसतं. त्या त्या वर्षी ताटात काय आहे, एवढंच तिला कळतं.

जिराफाला उंच पानं खायची होती म्हणून त्याची मान लांब झाली ना?

'मान लांब होत गेली' असं आपण सहज लिहितो. पण त्या 'होत गेली'च्या आत काय दडलंय ते पाहा : प्रत्येक पिढीत काही माना जरा लांब, काही जरा आखूड, आणि आखूड मानेच्यांची पिल्लं सरासरीने कमी. लांब मानेचा फायदा पानांपर्यंत पोचण्यासाठी झाला, की मानेने टकरा देणाऱ्या नरांच्या झुंजीत, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण ताणून ताणून मान वाढली आणि ती वाढ पिल्लांना मिळाली, ही डार्विनच्या आधीच्या लामार्क या निसर्गशास्त्रज्ञाच्या काळातली समजूत मात्र टिकलेली नाही.

गरजेतून बदल उपजत नाही, हे दाखवणारा एक साधा आणि चतुर प्रयोग साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात आणि काही जिवाणू त्यांना दाद देत नाहीत. प्रश्न असा, की हा प्रतिकार विषाणू समोर आल्यावर तयार होतो, की आधीच काहींच्यात असतो? त्यांनी बऱ्याच नळ्यांमध्ये जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणूंच्या तोंडी दिले. प्रतिकार संकट आल्यावर उपजत असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांमध्ये जवळजवळ कुणीच वाचलं नाही आणि एखाद्या नळीत झुंडीच्या झुंडी वाचल्या. त्या नळीत वाढीच्या सुरुवातीलाच एखाद्या जिवाणूत योगायोगाने उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात बदल, झालं होतं आणि विषाणू यायच्या आधीच त्याचा गोतावळा वाढला होता. बदल आधी, गरज नंतर.

म्हणून 'जंतू औषधाला सरावतात' हे वाक्य मला खटकतं. सरावत कुणी नाही. औषधाने मरणारे मरतात, न मरणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका बोलून दाखवला होता. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे एका भल्यामोठ्या ताटलीत दाखवलं. कडांना औषध नाही, आत सरकावं तसं ते दहापट, शंभरपट, हजारपट तीव्र. प्रत्येक सीमेवर जिवाणूंची गर्दी थबकते, मग कुठूनतरी एक उत्परिवर्ती वंश पलीकडे फुटतो आणि पंख्यासारखा पसरतो. सुमारे अकरा दिवसांत जिवाणू हजारपट तीव्रतेच्या मधल्या पट्ट्यात पोचले होते. त्याचं चलत्‌चित्र प्रत्येक शाळेत दाखवावं असं आहे.

उत्परिवर्तनं योगायोगाने होतात, तर डोळ्यासारखी गुंतागुंतीची रचना योगायोगाने कशी बनेल?

योगायोगाने नाहीच बनणार. उत्परिवर्तन कशासाठी उपयोगी पडेल याचा विचार करून होत नाही, या अर्थाने ते योगायोगाचं. पण त्यातलं काय टिकणार हे योगायोगावर सोडलेलं नसतं आणि टिकलेल्या प्रत्येक सुधारणेवर पुढची रचली जाते. नेमकं हेच प्रश्नातून निसटतं.

'अर्धा डोळा काय कामाचा?' हे पुढचं ठरलेलं वाक्य. उत्तर शोधायला भूतकाळात जावं लागत नाही, कारण डोळ्याच्या बहुतेक पायऱ्या आज जिवंत प्राण्यांत नांदताहेत. युग्लिना या एकपेशी जीवाकडे उजेड-अंधार ओळखण्यापुरता ठिपका आहे. प्लॅनेरिया या चपट्या कृमीत प्रकाशसंवेदी पेशी छोट्याशा वाटीत बसलेल्या असतात; वाटीमुळे उजेड कोणत्या बाजूने येतोय ते कळतं. नॉटिलस या समुद्री प्राण्यात वाटीचं तोंड आवळून बारीक छिद्र झालेलं आहे, त्यामुळे भिंगाशिवायही अंधूक प्रतिमा पडते. त्याच्याच नात्यातल्या ऑक्टोपसकडे भिंगासकट पूर्ण डोळा आहे. यातला कुठलाच डोळा 'अर्धा' नाही. ज्याचा त्याला तो पुरेसा आहे. डॅन निल्सन आणि सुझान पेल्गर या स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये गणित मांडलं, की सपाट प्रकाशसंवेदी पटलापासून माशासारख्या भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोचायला, दर पिढीचा बदल अगदी नगण्य धरला तरी, ४ लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरतात. ज्या प्राण्याची पिढी वर्षाला बदलते त्याच्यासाठी हा काळ भूशास्त्राच्या हिशेबात क्षणभराचा.

मग आपलं शरीर इतकं सदोष का?

कारण जुनं मोडून कोऱ्या कागदावर नव्याने आखणी करण्याची सोय या प्रक्रियेत नाही. आहे त्यातच फेरफार होतात, आणि तेही घर चालू ठेवून.

स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूकडून निघते, गळ्यापाशी न थांबता छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येऊन स्वरयंत्राला मिळते. माशांमध्ये तिची पूर्वज नस कल्ल्यांच्या रक्तवाहिनीमागून सरळ जायची. पुढे मान तयार झाली, हृदय खाली सरकलं आणि त्या रक्तवाहिनीत अडकलेली नस ताणली गेली. जिराफात हा फेरा काही मीटरचा होतो. कुठलाही अभियंता अशी तार टाकणार नाही. पण प्रत्येक टप्प्यावर ती इंचभर लांबवणं शक्य होतं, तोडून पलीकडून नेणं शक्य नव्हतं.

क जीवनसत्त्वाचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्याकडेही त्यासाठी लागणारं जनुक आहे, पण मोडलेलं. वानरांमध्ये आणि बहुतेक माकडांमध्येही ते मोडलेलंच आहे. गिनीपिगचं हेच जनुक मोडलंय, पण वेगळ्या तऱ्हेने, स्वतंत्रपणे. फळं-पानं खाणाऱ्या पूर्वजांना आहारातूनच भरपूर क जीवनसत्त्व मिळत होतं, त्यामुळे जनुक बिघडलं तरी कुणाचं काही अडलं नाही आणि ते बिघडलेलंच पुढे आलं. दूरच्या खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, व्हायची ती या प्राचीन बिघाडामुळे. नातं शोधणाऱ्याला असे सामाईक दोष सामाईक गुणांपेक्षा जास्त बोलके वाटतात. दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरं सारखी असण्यात नवल नाही. चुकाही अक्षरशः सारख्या असल्या तर वही एकच होती हे कळतं.

'बळी तो कान पिळी' हाच निसर्गाचा नियम, असंच ना?

ही म्हण मी इतक्यांदा ऐकली आहे, की इथे जरा सविस्तर लिहितो. 'सर्वांत लायक तोच टिकतो' हा शब्दप्रयोग डार्विनचा नव्हे. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने तो १८६४ मध्ये वापरला आणि डार्विनने तो आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत उचलला. तिथे 'लायक' म्हणजे धट्टाकट्टा असा अर्थ नाही. त्या परिस्थितीत ज्याची संतती जास्त उरते, तो लायक.

मोझांबिकमधल्या गोरोंगोसा उद्यानातले हत्ती पाहा. तिथे १९७७ ते १९९२ या काळात यादवी युद्ध चाललं. दोन्हीकडच्या सैनिकांनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती नाहीसे झाले. युद्धाआधी सुमारे १८ टक्के माद्यांना सुळे नव्हते. युद्धानंतर वाचलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं. सुळे हे बळाचं लक्षण, आणि त्या वर्षांत तेच मरणाचं कारण. सुळे नसण्याचं जनुक बहुधा नर गर्भाला मारक ठरतं, म्हणून तिथे बिनसुळ्याचे नर दिसत नाहीत. म्हणजे वाचणंही फुकट मिळालं नाही.

हवाई बेटांमधल्या कवाई बेटावरचे रातकिडे तर गप्प राहून जगले. तिथे बाहेरून आलेली एक माशी गाणाऱ्या नराचा आवाज ऐकून त्याच्यावर आपल्या अळ्या सोडते; अळ्या त्याला आतून खाऊन टाकतात. एका उत्परिवर्तनामुळे काही नरांच्या पंखांवरची वाजणारी रचना सपाट झाली. असा नर मुका, पण माशीला सापडत नाही. वीसेक पिढ्यांच्या आत, २००३ पर्यंत, तिथले बहुतेक नर मुके झाले होते. मग मादीला ते सापडतात कसे? उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराजवळ हे मुके नर दबा धरून बसतात आणि त्याच्या गाण्याला भुलून आलेली मादी गाठतात. यात कान कुणी कुणाचा पिळला?

समाजातली विषमता या म्हणीच्या आधारे योग्य ठरवणाऱ्यांना एवढंच सांगायचंय, की निसर्गात काय घडतं यावरून माणसांनी कसं वागावं हे निघत नाही. दुष्काळात पक्षी मरतात म्हणून दुष्काळात माणसं मरू द्यावीत, असं कुणी म्हणणार नाही.

मोराचा पिसारा तर जगण्याच्या आड येतो. तो कसा टिकला?

या पिसाऱ्याने डार्विनलाही छळलं होतं. त्याचं उत्तर होतं लैंगिक निवड : जगलात पण जोडीदार मिळाला नाही, तर तुमचे गुण तुमच्याबरोबर संपतात. लांडोरीने पिसारा पाहून नर पसंत केला आणि तिच्या मुलग्यांना तसाच पिसारा मिळाला, की धावताना होणारी अडचण भरून निघते. १८७१ मध्ये डार्विनने हे विस्ताराने मांडलं तेव्हा मादीला आवडनिवड असते ही कल्पनाच त्याच्या समकालीनांना पचली नाही. पुढे तिला भरपूर पुरावा मिळाला.

प्रत्येक गुण निवडीमुळेच आलेला असतो का?

नाही. लहान समूहात काही जनुकं निव्वळ नशिबाने पसरतात किंवा नाहीशी होतात. याला जनुकीय विचलन म्हणतात. वादळातून दहाच पक्षी वाचले आणि त्यातले आठ योगायोगाने करड्या डोळ्यांचे निघाले, तर करडे डोळे वाढतील, त्यांचा उपयोग असो वा नसो. डीएनएच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे असतात, हे मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडलं. त्यामुळे 'हनुवटी कशासाठी?' अशा प्रत्येक प्रश्नाला उपयोगाचं उत्तर असेलच असं नाही.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एकाच आजोबांची नातवंडं. तुमचा जन्म झाला म्हणून चुलतभाऊ नाहीसा होत नाही. आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही, भाऊबंद आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपले आणि त्याचे सामाईक पूर्वज आफ्रिकेत होते. ते ना आजचे चिंपांझी होते, ना माणूस, आणि तेव्हापासून दोन्ही शाखा सारख्याच काळ बदलत आल्या आहेत.

पुरावा आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांना ४८ गुणसूत्रं असतात, आपल्याला ४६. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र हे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळलेलं आहे. गुणसूत्राच्या टोकाशी असणारी विशिष्ट अक्षरमाला त्याच्या मधोमध सापडते, तीही समोरासमोर आलेली.

मधले दुवे कुठे आहेत?

संग्रहालयांमध्ये, आणि पुष्कळ. काही तर आधी भाकीत करून शोधले गेले. जमिनीवरचे चतुष्पाद माशांपासून आले असतील, तर मासे आणि पहिले चतुष्पाद यांच्या मधल्या वयाच्या, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत मधला प्राणी सापडायला हवा. तसे खडक कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर उघडे पडले आहेत. नील शुबिन आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षं जात राहिले आणि २००४ मध्ये त्यांना टिकटालिक सापडला. खवले आणि कल्ले माशाचे, पण डोकं सपाट, मान हलणारी आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं.

जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांपासून देवमासे कसे झाले, ही कथा आपल्या उपखंडातच घडली. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून गोळा केलेले खडक त्यांच्या मृत्यूनंतरही घरात जपून ठेवलेले होते. त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. एक कवटी साफ करताना चुकून तुटली आणि आत कानाचं जे जाड हाड दिसलं, ते फक्त देवमाशांच्या कुळात आढळणारं होतं. प्राणी मात्र मांजराएवढा, पिसोरी हरणासारखा चार पायांचा : इंडोह्यूस, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. तो देवमाशांचा थेट पूर्वज नाही, सर्वांत जवळच्या चुलत घराण्यातला आहे. पाकिस्तानात त्याच सुमाराचा अँब्युलोसीटस सापडला, पोहता येणारा आणि चालताही येणारा. इजिप्तच्या वाळवंटातल्या बॅसिलोसॉरसपर्यंत येता येता मागचे पाय इतके चिमुकले झाले, की लांबलचक शरीराला त्यांचा चालण्यासाठी काही उपयोग उरला नव्हता.

एका प्रजातीच्या दोन कशा होतात?

बहुतेकदा समूह फुटतो, मध्ये डोंगर किंवा समुद्र येतो, दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचतात आणि पुन्हा भेट झाली तरी जोड्या जमत नाहीत. पण वेगळं व्हायला डोंगरच लागतो असं नाही. उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांत अंडी घालणाऱ्या माश्यांपैकी काही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सफरचंदांवर गेल्या. सफरचंद आधी पिकतं, त्यामुळे त्या माश्याही आधी बाहेर पडू लागल्या. माश्या फळावरच जोडी जमवतात. एकाच बागेत राहून दोन गटांच्या भेटीगाठी कमी झाल्या आणि त्यांच्या जनुकांत मोजता येण्याजोगा फरक पडला. दोन पूर्ण वेगळ्या प्रजाती अजून झालेल्या नाहीत. आपण वाटेतला टप्पा पाहतो आहोत.

हा 'फक्त सिद्धांत' आहे ना?

बोलीत 'थिअरी' म्हणजे अंदाज. विज्ञानात सिद्धांत म्हणजे असंख्य निरीक्षणांना एकत्र बांधणारं, वारंवार तपासलेलं स्पष्टीकरण. रोग जंतूंमुळे होतात हाही सिद्धांतच आहे. पहिला जीव कसा उगवला हा मात्र वेगळा प्रश्न आहे. उत्क्रांती त्याच्यानंतर सुरू होते.

डार्विनचं काही चुकलं होतं का?

हो, आणि ते मोठं होतं. गुण मुलांकडे कसे जातात हे त्याला ठाऊक नव्हतं. आईबापांचे गुण रंगांसारखे मिसळतात असं तेव्हा धरलं जाई. पण मग कुठलाही नवा गुण काही पिढ्यांत विरघळून जाईल, असा आक्षेप फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने १८६७ मध्ये घेतला. उत्तर छापलेलं होतं. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवरच्या प्रयोगांचा निबंध १८६६ मध्येच प्रसिद्ध केला होता : गुणांचे घटक मिसळत नाहीत, अखंड राहतात. पण तो निबंध १९०० पर्यंत दुर्लक्षितच राहिला. दुसरा आघात लॉर्ड केल्विन या भौतिकशास्त्रज्ञाचा. त्याच्या हिशेबाने पृथ्वी २ ते ४० कोटी वर्षांची होती, आणि पुढे त्याने ते वय आणखी कमी केलं. डार्विनला हा काळ अपुरा वाटे. पृथ्वीचं खरं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे.

आणि हा विचार एकट्या डार्विनचा नव्हता. आल्फ्रेड रसेल वॉलेस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचला होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं.

वैद्यकशास्त्र आल्यापासून माणसाची उत्क्रांती थांबली का?

मंदावली असेल काही बाबतींत, थांबलेली नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता ही गेल्या काही हजार वर्षांतली आणि ती युरोपात आणि पूर्व आफ्रिकेत वेगवेगळ्या उत्परिवर्तनांमुळे आली. तिबेटी लोकांना विरळ हवेत जगायला मदत करणारं एक जनुकरूप डेनिसोव्हन या लोप पावलेल्या मानवकुळाशी झालेल्या संकरातून आलं, हे २०१४ मध्ये कळलं.

सिकलसेलचं उदाहरण सर्वांत वेदनादायक. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. तो फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आला, तर गंभीर मलेरियापासून संरक्षण देतो. दोघांकडून आला तर आयुष्यभराचा आजार. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, त्या आफ्रिकेत, भारतात आणि भूमध्य समुद्राभोवती हे जनुक म्हणूनच टिकलं. एका मुलाला वाचवणारा गुण त्याच्या भावंडाला आजारी पाडतो, आणि निवडीच्या हिशेबात दोन्ही नुसते आकडे असतात. म्हणून तर तो हिशेब डॉक्टरांनी उलटवायचा असतो.

सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर तेच घडेल का?

रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये एकाच जिवाणूपासून बारा कुप्या सुरू केल्या आणि हा प्रयोग अजून चालू आहे. ७५ हजारांहून अधिक पिढ्या झाल्या. दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवतात, म्हणजे पूर्वजांना पुन्हा जिवंत करता येतं. बाराही कुप्यांत जिवाणू वेगाने वाढायला लागले, पेशींचा आकारही मोठा झाला, इथवर सारखंच. पण सुमारे ३१,५०० व्या पिढीला एकाच कुपीतले जिवाणू हवेच्या सान्निध्यात सिट्रेट (लिंबातल्या आम्लापासूनचं रसायन) खायला लागले, जे या जातीला सहसा जमत नाही. गोठवलेल्या पूर्वजांपासून तीच वाट पुन्हा चालून पाहिली तेव्हा ही क्षमता फक्त उशिराच्या, साधारण २० हजार पिढ्यांनंतरच्या पूर्वजांपासून परत आली. त्याआधीच्या पूर्वजांना ती साधलीच नाही. वाटेत कुठेतरी, तेव्हा क्षुल्लक वाटावं असं काहीतरी बदललं होतं आणि त्याने पुढचं दार किलकिलं केलं होतं.

उलट, कवाईवरच्या मुक्या रातकिड्यांचंही पुढे काहीतरी ऐकायला मिळालं. शेजारच्या ओआहू बेटावरही नर मुके झाले. संशोधकांना आधी वाटलं, कवाईवरूनच कुणी तिकडे पोचलं असेल. पंख तपासले तेव्हा त्यांची रचना वेगळी निघाली आणि मागचं उत्परिवर्तनही वेगळं. त्याच माशीपुढे, तीच शांतता दोनदा.